एक इमारत, अनेक कचेऱ्या : संगणकातील उपकरणांवरचा पहारा

तालुक्याच्या गावी पुष्कळदा एकाच इमारतीत अनेक कचेऱ्या नांदत असतात. पुढच्या भागात तहसील, एका बाजूस कोषागार, मागच्या अंगाला भूमी अभिलेख. छप्पर एक, विजेची जोडणी एक, पाण्याची टाकी एक. दप्तरे मात्र वेगवेगळी. एका कचेरीच्या कपाटातील कागद दुसऱ्या कचेरीच्या माणसाने परस्पर हाताळावयाचा नसतो. इमारत सामायिक असली तरी अधिकार सामायिक नसतो, आणि म्हणूनच भिंती, कुलुपे व पहारा यांची गरज भासते.

आजच्या संगणकाची स्थिती या इमारतीहून वेगळी नाही. जमिनीचे अभिलेख, वेतनपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, रुग्णालयांच्या नोंदी यांसारखी कामे आता स्वतंत्र संगणकांवर क्वचितच चालतात. एका बलवान यंत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येक भागास स्वतंत्र संगणकाचे रूप देण्यात येते. त्यास आभासी यंत्र असे म्हणतात. भारत सरकारच्या ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय क्लाउड सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिचा पायाही याच कल्पनेवर उभा आहे. तेव्हा, श्रोतेहो, एका विभागाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये यासाठी यंत्राच्या पोटात कोणता बंदोबस्त असतो आणि तो कोण सुरू करतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही.

जुनी कल्पना, नवा संसार

आभासी यंत्राची कल्पना आजची नव्हे. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील वैज्ञानिक केंद्रात ‘सीपी-४०’ व त्यापाठोपाठ ‘सीपी-६७’ या नियंत्रक प्रणाली तयार झाल्या. संगणक त्या काळी अतिशय महाग होता. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे आणि प्रत्येकास संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे वाटावे, हा त्यामागील हेतू. १९७२ मध्ये याच मालिकेतील ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली बाजारात आली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या संशोधकांनी, यंत्राची अशी विभागणी निर्दोषपणे करता यावी म्हणून त्याच्या रचनेत कोणते गुण असावे लागतात, याचे शास्त्रशुद्ध विवेचन केले.

पुढे १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि विचाराची दिशाच पालटली. एक माणूस, एक यंत्र. त्यात वाटणीचा प्रश्नच नव्हता, म्हणून वाटणीची सोयही नव्हती. याच घराण्यातील प्रोसेसर कालांतराने मोठ्या सर्व्हरमध्ये जाऊन बसले, तेव्हा ही उणीव जाणवू लागली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरच्या १७ आज्ञा आभासी यंत्राच्या आड येतात असे दाखविण्यात आले. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ मध्ये आणि केंब्रिज विद्यापीठातील ‘झेन’ प्रकल्पाने २००३ मध्ये केवळ सॉफ्टवेअरच्या कौशल्याने या अडचणीतून वाट काढली. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आवश्यक ती सुधारणा केली. इमारतीच्या पुढच्या दाराचा बंदोबस्त अशा रीतीने पुरा झाला.

मागच्या दाराचा प्रश्न

परंतु इमारतीस मागचे दारही असते. नेटवर्क कार्ड, डिस्क नियंत्रक, चित्रकार्ड ही उपकरणे आपली माहिती प्रोसेसरच्या हातून देत-घेत नाहीत. तसे केल्यास प्रोसेसरचा सारा वेळ हमालीतच जाईल. म्हणून उपकरणास थेट मेमरीत लिहिण्याची व तेथून वाचण्याची मुभा असते. या पद्धतीस डीएमए असे नाव आहे. गठ्ठे वाहणाऱ्या माणसाने साहेबांच्या टेबलावर न थांबता मागच्या दाराने सरळ दप्तरखान्यात जावे, तसा हा प्रकार होय. यात वेग आहे. धोकाही यातच आहे.

धोका दुहेरी आहे. प्रत्येक आभासी यंत्र आपल्या मेमरीची मोजणी शून्यापासून करते. प्रत्येक कचेरीने आपल्या कपाटांना १, २, ३ असे स्वतंत्र क्रमांक द्यावेत, तसेच हे. आता एका आभासी यंत्राने नेटवर्क कार्डास सांगितले, की आलेला मजकूर पाच क्रमांकाच्या कपाटात ठेव. कार्डास कचेऱ्या ठाऊक नाहीत. ते इमारतीचे खरे पाच क्रमांकाचे कपाट उघडते. ते दुसऱ्याच कचेरीचे असू शकते. म्हणजे कोणाच्याही मनात कपट नसताना नोंदी बिघडतात. आणि मनात कपट असेल, तर तेच उपकरण शेजारच्या कचेरीचे दप्तर वाचून बाहेर नेऊ शकते.

हा पेच व्हीएम/३७० च्या पिढीसही चुकला नव्हता. त्या यंत्रांतील ‘चॅनल’ नावाच्या वाहक यंत्रणेस जी आज्ञापत्रे दिली जात, त्यांत मेमरीचे पत्ते लिहिलेले असत. नियंत्रक प्रणाली असे प्रत्येक पत्र तपासून त्यातील पत्ते बदलून देत असे. काम अचूक होई, परंतु वेळ खर्ची पडे.

अलीकडच्या काळात यावर तीन मार्ग निघाले. पहिला मार्ग नकलेचा. नियंत्रक सॉफ्टवेअर, ज्यास हायपरव्हायझर म्हणतात, ते एखाद्या जुन्या परिचित कार्डाची हुबेहूब नक्कल उभी करते आणि आभासी यंत्र त्यासच खरे कार्ड समजते. हा मार्ग सुरक्षित, परंतु मंद आहे. दुसरा मार्ग संगनमताचा. आभासी यंत्रास आपण आभासी आहोत हे ठाऊक असते आणि ते हायपरव्हायझरशी ठरलेल्या सोप्या भाषेत व्यवहार करते. ‘व्हर्टआयओ’ ही पद्धत या वर्गातील होय. तिसरा मार्ग म्हणजे खरे उपकरणच आभासी यंत्राच्या स्वाधीन करणे. वेग यात सर्वांत अधिक आहे, परंतु मागच्या दाराचा धोकाही येथेच उभा राहतो. पहारेकऱ्याशिवाय हा मार्ग निर्धोक होऊ शकत नाही.

पहारेकरी आणि त्याची नोंदवही

हा पहारेकरी म्हणजे आयओएमएमयू हा विभाग. उपकरणे आणि मेमरी यांच्या मधल्या वाटेवर तो बसविलेला असतो. वैयक्तिक संगणकाच्या घराण्यात एएमडी व इंटेल या दोन्ही कंपन्यांनी त्याचे तपशील २००६ मध्ये प्रसिद्ध केले. इंटेल त्यास ‘व्हीटी-डी’ म्हणते, एएमडी ‘एएमडी-व्हीआय’ म्हणते. नावे दोन असली तरी तत्त्व एकच आहे.

त्याचे काम समजण्यास कठीण नाही. संगणकातील प्रत्येक उपकरणास १६ बिटांचा ओळख क्रमांक असतो. त्यातील ८ बिट मार्गाचा, ५ बिट उपकरणाचा व ३ बिट त्या उपकरणातील कार्याचा क्रमांक दर्शवितात. उपकरण मेमरीकडे जावयास निघाले, की पहारेकरी प्रथम हा क्रमांक पाहतो. मग आपल्या नोंदवहीत हे उपकरण कोणत्या आभासी यंत्राचे आहे ते शोधतो. त्यानंतर त्या यंत्राने सांगितलेल्या पाच क्रमांकाच्या कपाटाचा इमारतीतील खरा क्रमांक कोणता, हे तक्त्यावरून काढतो. मेमरीचे भाग सामान्यतः ४ किलोबाइटांच्या पानांत पाडलेले असल्यामुळे ही परवानगी पानागणिक देता येते. काही पाने केवळ वाचण्यासाठी, काही लिहिण्यासाठीही खुली ठेवता येतात. नोंद नसेल तर वाट अडविली जाते आणि अडविल्याची नोंद केली जाते.

उपकरणांकडून केवळ मजकूर येतो असेही नाही. लक्ष वेधण्यासाठी संकेतही येतात. आधुनिक यंत्रांत हा संकेत म्हणजे एका ठरावीक पत्त्यावर केलेले लेखनच असते. म्हणून खोटा संकेत पाठवून इमारतीत गोंधळ माजविणे शक्य होते. २०११ मध्ये पोलंडमधील ‘इन्व्हिजिबल थिंग्ज लॅब’ या संस्थेच्या संशोधकांनी ही वाट उघडकीस आणली. संकेतांची छाननी करणारा विभाग पहाऱ्यात असणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

या व्यवस्थेस २००७ मध्ये आणखी एक जोड मिळाली. एका आभासी यंत्रास एक कार्ड द्यावयाचे म्हटले, तर यंत्रे वाढतील तशी कार्डे कोठवर वाढविणार? यावर ‘एसआर-आयओव्ही’ या मानकाने उत्तर दिले. एकच कार्ड आपली अनेक हलकी रूपे दाखविते आणि प्रत्येक रूपास स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. इंटेलच्या ‘८२५९९’ या नेटवर्क नियंत्रकात प्रत्येक जोडणीमागे अशी ६४ पर्यंत रूपे मिळतात. ओळख क्रमांक वेगळा असल्यामुळे पहारेकऱ्यासही ती वेगळी ओळखता येतात.

सकाळी इमारत उघडणारा

येथे एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. पहारेकरी यंत्रात असला, म्हणजे काम झाले काय? तसे नाही. त्यास कोणीतरी जागेवर बसवावे लागते आणि कचेऱ्या उघडण्यापूर्वी बसवावे लागते. हे काम फर्मवेअरचे.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्ये साठविलेली प्रारंभीची आज्ञावली. यंत्रास वीज मिळताच प्रथम तीच चालते. १९८१ च्या संगणकात तिचे नाव ‘बायोस’ होते. आजच्या यंत्रांत तिची जागा ‘यूईएफआय’ या मानकाने घेतली आहे, तरी बोलण्यात जुने नाव अद्याप टिकून आहे. ही आज्ञावली म्हणजे सकाळी सर्वांच्या आधी येऊन दारे उघडणारा, दिवे लावणारा आणि फलकावर सूचना डकवणारा इमानी सेवक. साहेब मंडळी येण्यापूर्वी तिचे बहुतेक काम उरकलेले असते. या कामाचे चार भाग विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला भाग परवानगीचा. आभासी यंत्रांसाठी प्रोसेसरमध्ये असलेली सोय वापरू द्यावयाची की नाही, हे इंटेलच्या यंत्रात फर्मवेअर ठरविते आणि त्या निर्णयास कुलूप लावते. एकदा कुलूप लागले, की यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टीमलाही तो निर्णय बदलता येत नाही. उत्तम यंत्र विकत घेऊनही आभासी यंत्र चालू होत नाही, अशी तक्रार जेथे जेथे ऐकू येते, तेथे पुष्कळदा कारण एवढेच असते.

दुसरा भाग सूचनेचा. पहारेकरी इमारतीत कोठे बसला आहे आणि कोणती उपकरणे त्याच्या देखरेखीखाली आहेत, याची यादी फर्मवेअर तयार करते. इंटेलच्या यंत्रात या यादीस ‘डीएमएआर’, तर एएमडीच्या यंत्रात ‘आयव्हीआरएस’ म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीम हीच यादी वाचून पुढचा कारभार करते. यादी नसेल तर पहारेकरी प्रत्यक्षात हजर असूनही तिच्या लेखी तो नसतोच. यादी चुकीची असेल तर परिस्थिती अधिकच बिकट होते. अशा चुका इतक्या वेळा आढळल्या आहेत, की ‘तुमचे बायोस सदोष आहे’ या अर्थाचा इशारा लिनक्सच्या मूळ आज्ञावलीतच लिहून ठेवण्यात आला आहे.

तिसरा भाग राखीव जागेचा. काही उपकरणे फर्मवेअरच्या स्वतःच्या कामासाठी मेमरीचा ठरावीक तुकडा वापरीत राहतात. तो तुकडा यादीत राखीव म्हणून दाखविलेला असतो आणि पहारेकऱ्यास त्याची वाट मोकळी ठेवावी लागते. अशी राखीव वाट असलेले उपकरण आभासी यंत्राच्या स्वाधीन करण्यास लिनक्स सामान्यतः नकार देते, कारण त्या वाटेने भिंतीत भगदाड पडू शकते.

चौथा भाग जागावाटपाचा. एसआर-आयओव्हीची अनेक रूपे उभी राहण्यासाठी पत्त्यांची पुरेशी जागा व मार्गांचे पुरेसे क्रमांक आधीच राखून ठेवावे लागतात. फर्मवेअरने ती तरतूद केली नाही, तर कार्डाची क्षमता बहुधा वायाच जाते.

कागदावरचा पहारा

हा विषय किती गंभीर आहे, हे काही घटनांवरून ध्यानात येईल. २००४ मध्ये एका संशोधकाने फायरवायरच्या जोडणीतून दुसऱ्या संगणकाची मेमरी वाचता येते, असे परिषदेत दाखवून दिले. २०१९ मध्ये केंब्रिज विद्यापीठ व अन्य संस्थांतील संशोधकांनी ‘थंडरक्लॅप’ या नावाने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहारेकरी असूनही ऑपरेटिंग सिस्टीम त्यास ढिलेपणाने वापरीत असतील, तर बाहेरून जोडलेले उपकरण गुप्त माहितीपर्यंत पोहोचू शकते, असे त्यांत दिसून आले.

सर्वांत बोधप्रद घटना मात्र २०२५ च्या डिसेंबरमधील आहे. अमेरिकेतील सीईआरटी समन्वय केंद्राने चार नामांकित उत्पादकांच्या काही मदरबोर्डांतील एक दोष जाहीर केला. त्या यंत्रांचे फर्मवेअर थेट मेमरीप्रवेशापासून संरक्षण चालू असल्याचे सांगत होते. प्रत्यक्षात प्रारंभीच्या काळात आयओएमएमयू नीट कार्यान्वित झालेलाच नव्हता. ऑपरेटिंग सिस्टीम ताबा घेण्यापूर्वीच्या त्या अवधीत, यंत्राजवळ पोहोचू शकणारा माणूस योग्य उपकरण जोडून मेमरी वाचू किंवा बदलू शकला असता. यावर उपाय म्हणून उत्पादकांना फर्मवेअरच्या सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. फलकावर ‘पहारा चालू आहे’ असे लिहिलेले, आणि खुर्ची रिकामी! हजेरीपटावर सही आहे म्हणून मनुष्य जागेवर आहे असे गृहीत धरण्याचे दुष्परिणाम प्रशासनात काम केलेल्या कोणासही समजावून सांगावे लागणार नाहीत. संगणकाच्या बाबतीतही तोच न्याय लागू पडतो.

तपासणीची जबाबदारी

या विवेचनातून व्यवहारात उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निष्पन्न होतात. खरेदीच्या वेळी केवळ प्रोसेसरचे नाव व मेमरीचा आकडा पाहणे पुरेसे नाही. अनेक आभासी यंत्रे चालवावयाची असतील तर प्रोसेसर, मदरबोर्ड व फर्मवेअर या तिन्हींमध्ये आयओएमएमयूची सोय असल्याची लेखी खात्री विनिर्देशात मागावी. तिघांपैकी एकाने दगा दिला, तरी इतर दोघांचा उपयोग नाही.

यंत्र हाती आल्यावर फर्मवेअरच्या मांडणीत ही सोय चालू आहे की नाही, ते पाहावे. इंटेलच्या यंत्रात ती ‘व्हीटी-डी’, एएमडीच्या यंत्रात ‘आयओएमएमयू’ या नावाने आढळते. एएमडीच्या मांडणीत ‘एसव्हीएम’ हे नाव दिसल्यास तो प्रोसेसरचा भाग आहे, उपकरणांचा नव्हे. या दोहोंची गल्लत होऊ देऊ नये. मांडणीस परवलीचा शब्द असावा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याने ती बदलू नये.

त्यानंतर प्रत्यक्ष पडताळणी करावी. विंडोजमधील ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ या पटलावर ‘कर्नल डीएमए प्रोटेक्शन’ अशी एक ओळ असते. २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत ती उपलब्ध आहे. लिनक्समध्ये उपकरणांचे गट पडलेले दिसतात, आणि त्या गटांवरून कोणती उपकरणे खरोखर विलग आहेत ते कळते. एका गटातील उपकरणे एकमेकांपासून विलग असल्याची ग्वाही नसते, म्हणून ती दोन वेगवेगळ्या आभासी यंत्रांत वाटून देऊ नयेत. प्रारंभीच्या अवधीतील दोष मात्र अशा पाहणीत दिसेलच असे नाही. त्यासाठी उत्पादकाने काढलेली फर्मवेअरची सुधारित आवृत्ती वेळच्या वेळी घालणे आणि यंत्र कुलूपबंद खोलीत ठेवणे, हेच उपाय आहेत.

या व्यवस्थेची किंमतही विसरता कामा नये. पहारेकऱ्याच्या प्रत्येक तपासणीस थोडा वेळ लागतो. उपकरण थेट स्वाधीन केलेल्या आभासी यंत्राची मेमरी सामान्यतः जागच्या जागी बांधून ठेवावी लागते, आणि असे यंत्र चालू स्थितीत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलविणे अवघड जाते. त्यामुळे जेथे वेगाची खरी निकड आहे तेथेच हा मार्ग स्वीकारावा; साध्या कामास व्हर्टआयओसारखी पद्धत पुरेशी होते. पहारेकरी मात्र दोन्ही ठिकाणी जागा असावा, कारण सदोष किंवा दुष्ट उपकरण कोणती पद्धत वापरली आहे हे विचारून येत नाही.

शाळांतील संगणक शिक्षकांनीही हा विषय विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. संगणकाचे शिक्षण बहुधा पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींपाशी थांबते. पडदा उजळण्यापूर्वीच्या काही क्षणांत कोणते निर्णय घेतले जातात आणि त्यांवर पुढचा सारा विश्वास कसा अवलंबून असतो, हे मुलांना कळले तर यंत्राविषयीची त्यांची समज अधिक पक्की होईल.

ज्यांच्या नावाच्या नोंदी या यंत्रांत आहेत, त्या शेतकऱ्यास, विद्यार्थ्यास किंवा रुग्णास आयओएमएमयू हा शब्द कदाचित कधीच ऐकावा लागणार नाही. आपली नोंद आपलीच राहील आणि ती कोणी परस्पर वाचणार वा बदलणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करण्याचे साधन यंत्रात आज उपलब्ध आहे. ते प्रत्यक्षात चालू आहे की केवळ फलकावर लिहिलेले आहे, हे पाहण्याचे काम मात्र यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच करावे लागेल.